घरातल्या नावाचा माग कसा काढावा : इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी, 'मल्हार' या नावाच्या आधारे

इंदूरमध्ये मुलाचे नाव 'मल्हार' ठेवले की मराठी नातेवाईकांना जेजुरीचा खंडोबा आणि भंडारा आठवतो, तर शेजारच्या हिंदी भाषक घराला श्रावणातला झुला, पावसाळी राग आणि झुल्यावर म्हटली जाणारी मल्हार आठवते. एकाच नावाला दोन उगम असल्यासारखे वाटणे, मध्ये काही पिढ्या ते नाव जवळजवळ दिसेनासे होणे आणि मग अचानक नव्या घरांतल्या पाळण्यांत ते पुन्हा ऐकू येणे, या तिन्ही गोष्टी 'मल्हार'च्या बाबतीत घडल्या आहेत. म्हणून नावाचा शोध कसा घ्यावा हे दाखवण्यासाठी मी हेच नाव घेतले आहे. आपल्या घरातले नाव गोविंद असो, द्वारका असो की यशवंत, पद्धत हीच राहील.

पहिली चौकशी कोशात नव्हे, घरात

नावांच्या अर्थांची पुस्तके आणि संकेतस्थळे ही शोधाची सर्वांत वाईट सुरुवात होय. तेथे प्रत्येक नावाचा अर्थ 'तेजस्वी', 'पवित्र' किंवा 'विष्णूचे एक नाव' असा असतो आणि तो कोणी, कशाच्या आधारे लिहिला याचा पत्ता नसतो. त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीकडे, शक्यतो आत्याकडे किंवा आजीकडे, जावे. कारण बारशाला कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो आणि ते नाव का ठरले हे तिला बहुधा ठाऊक असते. 'या नावाचा अर्थ काय?' असे विचारले तर ऐकीव उत्तर मिळते. 'हे कोणाचे नाव ठेवले?' असे विचारले तर माहिती मिळते.

मराठी घरात नाव ठरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत आणि विचारताना त्या एकेक करून तपासाव्यात. दिवंगत आजोबांचे नाव नातवाला ठेवले होते का? कुलदैवताचे किंवा नवसाचे नाव होते का? जन्म चंपाषष्ठीचा किंवा रविवारचा होता का, कारण रविवार हा खंडोबाचा वार मानला जातो? की ज्योतिषाने नुसते अक्षर काढून दिले होते? शेवटची शक्यता लोक विसरतात. अवकहडा चक्राप्रमाणे, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचे पहिले अक्षर सांगणाऱ्या तक्त्याप्रमाणे, मघा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे मा, मी, मू, मे अशी आहेत, आणि सिंह राशीच्या मुलासाठी 'म'वरून नाव शोधणाऱ्या घराने मल्हार, महेश, मंगेश आणि मुकुंद यांतून कानाला बरे वाटले ते उचलले असेल, तर तेथे खंडोबाचा संबंध जोडणे हे आपण मागाहून केलेले सजवणे ठरते.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजाचा एक परिणाम शोधकर्त्याला फार चकवतो. जुन्या काळी सून सासऱ्याचे नाव तोंडाने घेत नसे, त्यामुळे तेच नाव मुलाला ठेवले तरी त्याला हाक मारण्यासाठी दुसरे नाव लागे, आणि कागदावरचा मल्हार आयुष्यभर बापू, नाना किंवा अण्णा म्हणूनच वावरे. चुलत घराण्यातल्या 'बापूकाकां'चे खरे नाव पुतण्यांनाही माहीत नसते, असे आपल्याकडे सर्रास आढळते. म्हणून यादी करताना प्रत्येक व्यक्तीसाठी कागदावरचे नाव, हाकेचे नाव आणि पत्रिकेतले जन्मनाव असे तीन रकाने ठेवावेत. स्त्रियांसाठी माहेरचे नाव हा चौथा रकाना अनिवार्य आहे, कारण लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलेले नवे नाव पुढच्या सर्व कागदांवर चालत राहते आणि आईवडिलांनी ठेवलेले नाव त्याखाली बुडून जाते. नावाची लोकप्रियता मोजायची असेल तर आपल्याला आईवडिलांची निवड हवी असते, सासरची नव्हे.

अर्थ आणि व्युत्पत्ती : एकाच फोडीवर थांबू नये

आता कोश उघडावेत. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, संस्कृत मूळ तपासण्यासाठी आपटे किंवा मोनियर-विल्यम्स, आणि नाव पौराणिक किंवा ऐतिहासिक व्यक्तीचे असेल तर चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश, एवढी सामग्री पुष्कळ झाली. यांतले बहुतेक ग्रंथ आज संगणकावर शोधता येतात. ज्यांना छापील प्रत हाताळायची असेल त्यांना शहरातल्या जुन्या ग्रंथालयांत त्या मिळू शकतात.

'मल्हार'ची रूढ व्युत्पत्ती अशी : मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार करण्यासाठी शिवाने मार्तंडभैरवाचे रूप घेतले, ही कथा मल्हारी माहात्म्यात आहे. मल्लाचा अरि तो मल्लारि, त्याचे बोलीतले रूप मल्हारी आणि त्याचे आटोपशीर रूप मल्हार. ही फोड व्याकरणाला धरून आहे आणि परंपरेने मान्य केलेली आहे. तरीही शोधकर्त्याने येथेच वही मिटू नये, कारण हाच देव कर्नाटकात मैलार या नावाने आणि तेलुगू प्रदेशात मल्लण्णा या नावाने पुजला जातो. मैलार हे देशी नाव आधीचे आणि त्याला संस्कृत पेहराव देताना मल्ल नावाचा दैत्य कथेत आला, असा उलट क्रमही संभवतो. दैवतांच्या नावांत हा प्रकार नवा नाही, आणि मला स्वतःला तो अधिक पटतो. परंतु आपल्या टिपणात दोन्ही मते शेजारी शेजारी मांडावीत आणि आपला कल वेगळ्या शाईने लिहावा.

मल्लिकार्जुनाला मात्र या कुटुंबात ओढू नये. ध्वनी जवळचा असला तरी त्या नावाची परंपरागत फोड मल्लिका आणि अर्जुन अशी आहे, आणि ते श्रीशैलाच्या ज्योतिर्लिंगाचे नाव आहे.

राहिला प्रश्न रागाचा. मियाँ मल्हार, गौड मल्हार, मेघ मल्हार, रामदासी मल्हार अशी या रागाची मोठी शाखा आहे आणि ज्या शहराचे नाव एका गायकीच्या घराण्याला मिळाले आहे त्या इंदूरमध्ये हे सांगावे लागत नाही. रागाच्या नावाची 'मळ हरण करणारा तो मल्हार' अशी फोड वारंवार छापली जाते. ती ऐकायला गोड आहे, परंतु शब्द आधी आणि स्पष्टीकरण नंतर अशा जातीची आहे, म्हणून तिला पुरावा मानू नये. शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : राग आणि देव यांची नावे मुळात एक असोत वा नसोत, आजचे आईवडील नाव ठेवताना त्यांपैकी कशाचा विचार करतात? त्याचे उत्तर कोशात नसते, आणि म्हणूनच घरातली चौकशी आधी करावयाची असते.

नावाची सगळी रूपे एकत्र करणे

मोजणीला बसण्यापूर्वी रूपांची यादी करावी. मल्हार, मल्हारी, मल्हारराव, मल्हारपंत, मल्हारबा, मल्हारजी ही सगळी एकाच नावाची रूपे आहेत. राव, पंत, जी, बा हे मान किंवा जिव्हाळा दाखवणारे प्रत्यय आहेत. अठराव्या शतकातल्या पत्रांत मल्हारजी होळकर असा उल्लेख येतो, तेच पुढे इतिहासाच्या पुस्तकात मल्हारराव होतात. हिंदी कागदपत्रांत 'मल्हार राव' असे तोडून लिहिले जाते आणि कधी कधी 'राव' हेच आडनाव समजून वेगळ्या रकान्यात जाते. 'मलहार' हे टंकलेखनाचे रूपही यादीत घ्यावे.

मोडी कागद हाती आला तर आणखी सावध राहावे लागते. मोडीत शब्द सलग लिहिले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळला जात नाही, त्यामुळे नाव कोठे संपले आणि बापाचे नाव कोठे सुरू झाले हे वाचकानेच ठरवायचे असते. तारखा शक, विक्रम संवत किंवा शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतल्या अरबी सनात) असतात. शकात ७८ मिळवावेत, विक्रम संवतातून ५७ वजा करावेत आणि शुहूर सनात ५९९ मिळवावेत. वर्षारंभ वेगळे असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी एका वर्षाचा फरक पडू शकतो, आणि नावाच्या शोधासाठी तेवढी सूट चालते.

पिढ्यांची साखळी देणारे कागद

ज्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे पिढीवार वंशावळीचा ग्रंथ, छापलेला आहे त्याचे काम निम्मे झाले. त्यात प्रत्येक पुरुषाचे नाव, पत्नीचे सासरचे आणि पुष्कळदा माहेरचे नाव, मुलांची नावे आणि शक्य तेथे शक वर्षे दिलेली असतात. त्यातून एक साधा तक्ता करावा : डावीकडे पिढी, पुढे त्या पिढीतले सर्व पुरुष, आणि आपण शोधत असलेले नाव ज्या ज्या घरात आले तेथे खूण. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याचा रिवाज असेल तर खुणा एक आड एक पिढीत पडलेल्या दिसतात. ज्या पिढीत ही रांग तुटते ती पिढी नीट पाहावी, कारण रिवाज मोडणारे आईवडील कोण होते, ते शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कोठे गेले होते, हे तेथे कळते. इंदूरच्या पुष्कळ घरांत ही तुटलेली जागा संस्थानी नोकरीच्या शेवटच्या पिढीच्या आसपास सापडते, असे माझे निरीक्षण आहे.

कुलवृत्तांत नसेल तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया किंवा आपल्या जवळचे उज्जैन येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्यात. तेथे जाताना इंदूरचा पत्ता उपयोगाचा नसतो. आडनाव, मूळ गाव आणि ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या पूर्वजाचे नाव सांगावे लागते, कारण नोंदी गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. यात्रेला आलेला पुरुष सोबतच्या आणि घरी राहिलेल्या भावांची, मुलांची नावे सांगून जात असे, त्यामुळे एका पानावर तीन पिढ्या मिळू शकतात. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि दक्षिणा द्यावी.

राजघराण्याची नावे जनतेच्या नावांचा आरसा मानण्याची चूक इंदूरमध्ये सहज होते, म्हणून होळकरांकडे थोडे बारकाईने पाहू. पहिले मल्हारराव १६९३ ते १७६६ या काळातले. त्यांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. दुसरे मल्हारराव १८११ मध्ये बालपणीच गादीवर आले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर, राजधानी इंदूरला स्थिरावली. १८३३ मध्ये ते वारल्यावर दत्तक घेतलेल्या मार्तंडरावांना गादी काही महिनेच लाभली. मल्हार, खंडेराव आणि मार्तंड ही तिन्ही खंडोबाचीच नावे आहेत, आणि खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. म्हणजे या घराण्यात नाव निवडले जात होते ते देवाच्या नामावळीतून. त्यानंतरच्या यादीत तुकोजी, शिवाजी, यशवंत ही नावे दिसतात आणि मल्हार पुन्हा येत नाही. शहरात मात्र मल्हारगंज आणि मल्हार आश्रम या रूपाने ते नाव रोजच्या बोलण्यात राहिले. पाटीवरचे नाव आणि पाळण्यातले नाव यांचा संबंध असेलच असे गृहीत धरू नये. तो मोजून पाहावा.

लोकप्रियता मोजण्याचे घरगुती साधन : मतदार यादी

काही देशांत सरकार दरवर्षी जन्मलेल्या मुलांच्या नावांची आकडेवारी प्रसिद्ध करते. आपल्याकडे तशी सोय नाही, परंतु मतदार यादी जवळजवळ तेच काम करते. मध्य प्रदेशच्या मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती विधानसभा क्षेत्र आणि भाग यांप्रमाणे मिळते. इंदूर शहराची क्षेत्रे एक ते पाच क्रमांकांनी ओळखली जातात आणि राऊ वेगळे आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा मराठी वस्तीचे दोन-चार भाग निवडावेत. यादीची पाने बहुधा चित्राच्या स्वरूपात असतात, त्यामुळे शब्द टाकून शोध लागत नाही. छापून घेऊन पेन्सिलने मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

यादीतल्या प्रत्येक चौकटीत मतदाराचे नाव, पित्याचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते. यातला सर्वांत मोलाचा रकाना पित्याच्या नावाचा आहे, कारण मतदाराच्या नावावरून एक पिढी मोजली जाते आणि पित्याच्या नावावरून, ती व्यक्ती हयात नसली तरी, तिच्या आधीची पिढी फुकटात मिळते. समजा, एका भागात मराठी आडनावाचे ४० ते ५९ वयाचे २०० पुरुष आहेत. त्यांच्या स्वतःच्या नावांत मल्हारची रूपे किती आणि त्यांच्या पित्यांच्या नावांत किती, हे दोन आकडे शेजारी लिहावेत. पित्यांचा जन्म अंदाजे २५ ते ३० वर्षे आधीचा धरावा. ६० च्या पुढच्या मतदारांच्या पित्यांपर्यंत गेलो की आपण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मलेल्या पिढीत पोहोचतो.

या मोजणीत तीन खड्डे आहेत. पहिला, एकाच पित्याचे तीन मुलगे यादीत असतील तर पित्याचे नाव तीनदा मोजले जाते. घर क्रमांक आणि पित्याचे नाव जुळले की ते एकदाच धरावे. दुसरा, आडनावावरून मराठी घर ओळखणे माळव्यात सोपे नाही. जोशी आणि पाठक मराठीही असतात आणि हिंदी किंवा गुजराती भाषकही. पवार आणि पंवार यांची तर यादीत कायमची सरमिसळ असते. शंका असेल तेथे त्या घरातल्या सर्व नावांकडे एकत्र पाहावे. सासू सुमन आणि सासरे दत्तात्रय असतील तर निर्णय सोपा होतो. तिसरा खड्डा लहान संख्यांचा : २०० जणांत एक मल्हार सापडला आणि पुढच्या गटात दोन सापडले, म्हणून नाव दुपटीने लोकप्रिय झाले असे म्हणता येत नाही. गट वीस वीस वर्षांचे ठेवावेत, भाग वाढवावेत आणि आकडा नेहमी शंभरामागे लिहावा.

सर्वसाधारण पार्श्वभूमी ध्यानात असली म्हणजे निष्कर्ष भरकटत नाहीत. आजोबांच्या पिढीतले वसंत, शरद, मधुकर, प्रभाकर. त्यानंतरचे संजय, सुनील, राजेश. मग अमोल, सचिन, राहुल, स्वप्नील. अशा लाटा आपल्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. संजय-राजेशच्या काळात मराठी आणि हिंदी घरांतली नावे जितकी एकसारखी झाली तितकी आधी नव्हती, आणि मल्हारसारखे नाव त्या काळात 'जुनाट' वाटले यात नवल नाही.

भावंडनावांची कसोटी

नाव परत का आले, या प्रश्नावर अंदाज बांधण्यापेक्षा त्याच गोत्रातल्या इतर नावांचे काय झाले हे पाहावे. माझ्या मते संपूर्ण शोधातली ही सर्वांत उपयुक्त पायरी आहे आणि बहुतेक लोक ती गाळतात. मल्हारची भावंडे म्हणजे खंडेराव, खंडू, मार्तंड आणि, मुलींमध्ये, खंडोबाच्या दोन पत्नींची नावे म्हाळसा व बाणाई. खंडोबाच्या भक्तीमुळे मल्हार परतला असता तर त्याच्यासोबत ही मंडळीही परतायला हवी होती. माझ्या पाहण्यातल्या बारशांत मल्हार पुष्कळ वेळा आला. खंडेराव आणि म्हाळसा एकदाही नाही. यावरून निघणारा निष्कर्ष असा की नाव परत आणण्यात त्याच्या नादाचा, तीन अक्षरी आटोपशीरपणाचा आणि रागाशी जुळलेल्या अर्थाचा वाटा मोठा असावा. म्हाळसेवर हा अन्यायच झाला, परंतु 'ळ' आणि 'म्ह' हिंदी शाळेत कसे उच्चारले जातील याची धास्ती इंदूरच्या पालकांना किती असते हे वेगळे सांगायला नको.

यावर 'जय मल्हार' या दूरचित्रवाणी मालिकेचे (२०१४ ते २०१७) उत्तर हमखास पुढे येते. ते नाकारू नये, तपासावे. २०१४ पूर्वी जन्मलेल्या मुलांत नाव वाढलेले दिसले तर मालिकेने आधीच सुरू झालेल्या लाटेला जोर दिला, असे म्हणावे लागेल. येथे मतदार यादी तोकडी पडते, कारण तिच्यात अठरा वर्षांखालचे कोणी नसते. त्यासाठी मंडळांच्या गणेशोत्सव स्मरणिका वापराव्यात; त्यांतल्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या आणि बालकलाकारांच्या छापील याद्या वर्षवार ओळीने लावल्या की लहान मुलांच्या नावांचा अंदाज येतो. शाळांकडे विद्यार्थ्यांच्या याद्या मागू नयेत. त्या देणे त्यांना योग्य नाही आणि मागणे आपल्यालाही.

टिपण कसे लिहावे

शेवटी सर्व माहिती दोन पानांत बसवावी. पहिल्या पानावर नावाची रूपे, व्युत्पत्तीची मते आणि घरातले नाव ठेवण्याचे कारण, ते सांगणाऱ्या व्यक्तीशी असलेल्या नात्यासह आणि तारखेसह, लिहावे; दुसऱ्यावर पिढीवार तक्ता आणि शंभरामागचे आकडे, कोणत्या वर्षाच्या यादीतले, कोणत्या भागांतले, हे स्पष्ट नोंदवून. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती यांच्यासाठी वेगळ्या खुणा ठेवाव्यात. इतर घरांची नावे, घर क्रमांक किंवा पत्ते टिपणात येऊ देऊ नयेत. आपल्याला केवळ संख्या हवी आहे. टिपणावर वर्ष घालून ते कुटुंबाच्या कागदांत ठेवावे आणि मोजणी काही वर्षांनी पुन्हा करावी, कारण २०१४ साली जन्मलेले मल्हार मतदार यादीत २०३२ पासून दिसू लागतील आणि मालिकेबद्दलचा वाद तेव्हा आकड्यांनी सोडवता येईल.